काकू, मोटरहोम आणि कॉर्नवॉलच्या पाणंदी

जिन्यातून फ्रिज वर चढवतानाचा प्रसंग आठवा. एकदम चार माणसं बोलायला लागतात. "डावीकडे घ्या", "अहो माझी डावी की तुमची?", "थांबा, भिंत घासतेय!" आणि फ्रिज वळणावर अडकतो, वरही जात नाही, खालीही येत नाही. आता त्या फ्रिजला इंजिन आहे, आत तुमची साठी ओलांडलेली काकू बसली आहे, गॅसवर ठेवलेलं चहाचं भांडं घरंगळतंय आणि जिना दोन किलोमीटर लांब आहे, अशी कल्पना करा. इंग्लंडच्या खेड्यातल्या अरुंद रस्त्यावर मोटरहोम चालवणं साधारण असं असतं.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. आपल्याकडे बरेच जण सरसकट कॅराव्हॅन म्हणतात, पण ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचं घर, आणि ज्याला स्वतःचंच इंजिन आहे ते मोटरहोम. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, रेडिंगला नोकरी करतो. गेल्या जूनमध्ये काकू देवरुखहून त्याच्याकडे राहायला गेली होती. मलाही सुट्टी मिळाली. दादा, वहिनी, त्यांची सात वर्षांची मुलगी, काकू आणि मी, असे पाच जण कॉर्नवॉलला निघालो. हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा हे बरं, आणि काकूला स्वतःच्या हातचं जेवता येईल, हा वहिनीचा हिशेब होता.

गाडी पाहिल्यावर काकू हरखली. तीन बर्नरची शेगडी, छोटा फ्रिज, संडास, गरम पाणी, रात्री पलंग होणारी बाकं. "मुंबईत एवढ्यात दोन बिऱ्हाडं राहतात," असा तिचा पहिला शेरा. दादा मात्र बाहेर उभं राहून आरशांकडे बघत होता. लांबी सात मीटर. उंची तीन मीटर. रुंदी दोन मीटर पस्तीस सेंटिमीटर, आणि दोन्ही बाजूचे आरसे धरले तर पावणेतीन मीटर. ज्याच्याकडून गाडी घेतली त्यानं हे आकडे एका चिठ्ठीवर मीटरमध्ये आणि फूट-इंचांत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवून दिले होते. ब्रिटनमधल्या अरुंद रस्त्यांच्या पाट्यांवर आजही फूट आणि इंच असतात. समोर पाटी आल्यावर मनात भागाकार करायला वेळ मिळत नाही, म्हणून ही चिठ्ठी. तुम्ही कधी अशी गाडी घेतलीत तर पहिलं काम हेच करा.

लायसन्सचं आधीच सांगून टाकते, कारण मला सगळे तेच विचारतात. पर्यटक म्हणून गेलात तर आपल्या भारतीय लायसन्सवर तिथे बारा महिन्यांपर्यंत लहान गाडी चालवता येते, आणि साडेतीन टनांपर्यंतची मोटरहोम त्यात बसते. पण भाड्यानं देणाऱ्यांच्या वयाच्या आणि अनुभवाच्या अटी वेगळ्या असतात, आणि विम्यात ज्यांची नावं आहेत त्यांनीच गाडी चालवायची. आमच्या विम्यात दादा आणि वहिनी होते. माझ्याकडे नकाशा बघायचं काम आलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रेडिंगहून ब्रिस्टल, तिथून दक्षिणेला एक्सेटर, मग ए ३० नावाच्या रस्त्यानं थेट कॉर्नवॉल. हा सगळा मोठा, सरळ रस्ता. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे काकूलाही काही वेगळं वाटलं नाही. ए ३० वर 'इंडियन क्वीन्स' नावाचं गाव लागतं. कोणत्या राण्या, कुठल्या, हे विचारत छोटीनं अर्धा तास काढला. काकूनं लगेच एका राणीची गोष्ट रचून सांगितली, त्यात राणी रत्नागिरीची निघाली.

मोठा रस्ता सोडला आणि सगळं बदललं.

गडगे ओळखीचे निघाले

आम्ही रोझलँड नावाच्या भागात उतरणार होतो. समुद्रात घुसलेली जमिनीची जीभ, मधून ए ३०७८ हा एकच बऱ्यापैकी रस्ता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शिरांसारखे पसरलेले गल्लीएवढे रस्ते. दोन्हीकडे माणसाच्या डोक्याहून उंच हिरव्या भिंती. मी त्यांना झुडपं समजत होते. काकूनं खिडकीतून पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "अगो, हे तर गडगे आहेत आपले!"

आणि खरंच. कोकणात वाडीच्या, बागेच्या कडेनं जांभ्या दगडांचा गडगा रचतात ना, तसाच हा प्रकार. दोन बाजूंना दगड रचायचे, मध्ये माती भरायची, आणि मग त्या मातीत गवत, नेचे, फुलं, काटेरी झुडपं वाढू द्यायची. इंग्रजीत याला कॉर्निश हेज म्हणतात. कॉर्नवॉलच्या पश्चिम टोकाला असे काही बांध दोन हजार वर्षांहून जुने आहेत आणि आजही शेताची हद्द म्हणून वापरात आहेत. रस्ते त्यांच्या मधून गेले, कारण रस्ता आधी बैलांचा आणि घोड्यांचा होता. ज्याची त्याची शेतं वळसा घालून जायचं, म्हणून एवढी वळणं. शेकडो वर्षांच्या चाकांनी आणि पावसाच्या पाण्यानं बरेच रस्ते खाली खचत गेले आणि बांध उंच दिसू लागले. बरं, रुंद करावेत म्हटलं तर तेही सोपं नाही. १९९७ च्या कायद्यानं जुन्या, महत्त्वाच्या बांधांना संरक्षण आहे. पक्षी, कीटक, रानफुलं यांचं ते घर आहे.

जूनमध्ये हे सगळं ऐन बहरात असतं. पक्ष्यांच्या विणीचा काळ म्हणून मार्च ते ऑगस्ट शेतकरी शक्यतो बांध छाटत नाहीत. त्यामुळे आधीच अरुंद असलेला रस्ता उन्हाळ्यात दोन्हीकडून आणखी आत येतो. जांभळ्या घंटांचे उंच तुरे जागोजागी डोलत होते. फॉक्सग्लव्ह. काकूला एक तोडून हवा होता. वहिनीनं अडवलं, कारण हे झाड विषारी. गंमत म्हणजे हृदयविकारावर वापरलं जाणारं एक जुनं औषध याच कुळातून आलं. विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरनं १७८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं होतं.

काकूला वाटत होतं, यात एवढं घाबरण्यासारखं काय. आपली लाल एसटीही साधारण अडीच मीटर रुंद, ती तर रोज तिच्या वाडीपर्यंत येते. हा प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याचं उत्तर दादानं दिलं. आपल्या रस्त्याला साइडपट्टी असते. समोरून गाडी आली की ड्रायव्हर डावी चाकं मातीत उतरवतो, दोघं निघून जातात. इथे डांबर संपतं तिथेच दगड सुरू होतो. खाली उतरायला जागाच नाही. पानं मऊ दिसतात म्हणून त्यात गाडी घालावी तर आत गडगा उभा. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीला पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ असलेली पाटी. तिचा अर्थ, कायद्यानं वेगमर्यादा ताशी साठ मैल, म्हणजे जवळपास ९७ किलोमीटर. आम्ही पंधराच्या पुढे गेलो नाही.

समोरासमोर आल्यावर काय करायचं, याचे नियम मात्र छान आहेत. मधेमधे रस्ता थोडा फुगवलेला असतो किंवा शेताचं फाटक असतं. जी गाडी अशा जागेच्या जवळ, ती मागे जाते. जागा आपल्या डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबायचं आणि समोरच्याला आत घ्यायचं. चढ असेल तर वर येणाऱ्याला वाट द्यायची. हा नियम आपल्याकडेही कायद्यात आहे, घाटात आपण तो किती पाळतो ते सोडा. ट्रॅक्टर, बस, मागे कॅराव्हॅन ओढणारी गाडी समोर आली तर शहाण्यानं स्वतःच मागे व्हावं. आणि वाट मिळाली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. हात हलवायची गरज नाही, एक बोट पुरतं. छोटीला हे इतकं आवडलं की ती मागच्या खिडकीतून दोन्ही हातांची दहा बोटं उचलत होती.

पहिल्या दिवशी आम्हाला सहा गाड्या भेटल्या. सहाही वेळा समोरचाच मागे गेला. तिथली माणसं उलटी गाडी अशी चालवतात जशी आपण सरळ चालवतो. आम्ही बोट उचलत राहिलो आणि आपल्याला हे जमतंय असा गैरसमज करून घेतला.

पोर्टलोच्या उतारावर

दुसऱ्या दिवशी व्हेरियन गावात गेलो. तिथे पाच गोल घरं आहेत. दोन गावाच्या एका टोकाला, दोन दुसऱ्या टोकाला, एक मध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली. सैतानाला लपायला कोपराच मिळू नये म्हणून गोल, असं सांगतात. काकूला हे पटलं. "झाडायलाही बरं," ती म्हणाली.

तिथून पोर्टलो हे कोळ्यांचं छोटं गाव जवळ. माझ्या फोनमधल्या नकाशानं रस्ता दाखवला. आता हे नीट ऐका, कारण चूक माझी आहे. फोनमधल्या साध्या नकाशाला तुमची गाडी केवढी आहे ते माहीत नसतं. त्याच्या लेखी तुम्ही एक निळा ठिपका. मोटरहोमसाठी वेगळे नकाशे मिळतात, त्यात लांबी, रुंदी, उंची भरता येते. ते विकत घ्यायचं आम्ही टाळलं होतं. तरीही वळणावर एक पाटी होती. अर्धी वेलींखाली, पण जेवढी दिसत होती तेवढ्यावर मोठ्या गाड्यांसाठी हा रस्ता योग्य नाही असं लिहिलेलं मी वाचलं. अशी चौकोनी पाटी सल्ला असते. लाल गोलातली, दोन बाण एकमेकांकडे तोंड करून असलेली पाटी असेल तर मात्र तो नियम असतो. दादानं विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हणाले, "काही नाही रे, जपून जा असंच. थोडंसंच तर अंतर आहे."

तीनशे मीटरनंतर दोन्हीकडची पानं एकाच वेळी काचेवर घासू लागली. उतार लागला. वळण आलं. आणि वळणावर समोरून एक छोटी निळी गाडी वर येत होती.

दादानं सवयीनं वाट पाहिली, ती मागे जाईल म्हणून. ती गेली नाही. तिच्या मागे आणखी एक गाडी होती, आणि त्याच्या मागे गवताचा ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर. आम्ही उतरत होतो, ते चढत होते. म्हणजे मागे जायचं होतं आम्हाला. उलटं, चढावर, वळणातून, शेताचं जे शेवटचं फाटक दिसलं होतं तिथपर्यंत. दीडशे मीटर तरी असेल.

निळ्या गाडीतून चाळिशीची बाई उतरली. अंगात कामाचा फिकट निळा झगा, गळ्यात ओळखपत्र. ती माझ्या खिडकीशी आली. ओरडली नाही. ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना औषध देणारी, आंघोळ घालणारी सेविका होती. वरच्या अंगाला एक आजोबा एकटे राहतात, त्यांना दुपारची गोळी आणि जेवण द्यायचं होतं, आणि आधीच उशीर झाला होता. "तुम्हाला उलटं जाता येईल का?" एवढंच तिनं विचारलं. मी पाटी वाचूनही गप्प बसले होते, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं.

दादानं प्रयत्न केला. मागच्या कॅमेऱ्यात फक्त मागचा रस्ता दिसतो, बाजूचे बांध दिसत नाहीत. आणि सात मीटरची गाडी उलटी वळवताना तुम्ही मागे बघत असता तेव्हा पुढचं नाक दुसऱ्याच बांधाकडे निघालेलं असतं. चार वेळा पुढे-मागे झालं. क्लचचा जळका वास सुटला. वरच्या कपाटाची कडी उघडली आणि रव्याच्या लाडवांचा डबा खाली आला. दादाचे कान लाल झाले होते. वहिनी दोनदा म्हणाली, "मी घेऊ का?" त्यानं दोनदा उत्तर दिलं नाही.

काकूनं मला विचारलं, "ती बाई काय म्हणाली?" मी सांगितलं.

काकू क्षणभर काही बोलली नाही. काका शेवटच्या वर्षी अंथरुणाला खिळले होते. एका मे महिन्यात त्यांच्या वाडीच्या पाणंदीत पर्यटकांच्या दोन गाड्या तोंडाला तोंड लावून अडकल्या, आणि ड्रेसिंग करायला येणारे डॉक्टर स्कूटर टाकून चालत आले, अर्ध्या तासानं. त्या दिवशी काही वाईट झालं नाही. पण काकू तो अर्धा तास विसरलेली नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

"ऊठ तिथून," ती दादाला म्हणाली. "तिला बसू दे. तुझं डोकं आता चालायचं नाही."

दादा उठला. तोच एकदा गाडी उजव्या बांधाला चिकटवून गेला होता, म्हणून डावीकडचं दार जेमतेम वीतभर जास्त उघडलं. काकू त्यातून तिरकी होऊन बाहेर पडली, साडीचा काठ काट्यात अडकवून, मागोमाग मी. आता तुम्हाला सांगायला हवं, की काकांचा आंब्याचा टेम्पो होता. बागेतून पेट्या भरून तो मुख्य रस्त्यावर आणायचा म्हणजे दोन गडग्यांमधून उलटा काढायचा. आणि क्लीनर परवडत नव्हता त्या वीस वर्षांत काकांची क्लीनर काकूच.

ती गाडीच्या मागे दहा-बारा पावलांवर, उजव्या बांधाला लागून उभी राहिली. वहिनीला तिनं एकच गोष्ट सांगायला लावली: "आरशात मी दिसत नसेन तर थांबायचं. मी दिसेन तेव्हाच हलायचं." मला डावीकडे उभं केलं. छोटीला दादापाशी आत. आणि मग कॉर्नवॉलच्या त्या हिरव्या बोळात देवरुखचा आवाज घुमला, "येऊ दे... येऊ दे... हळू गो... डावी मार... अजून... बस्स! आता सरळ कर. येऊ दे..."

वहिनीनं एकदाही घाई केली नाही. क्लच अर्धा, ब्रेकवर पाय, हातभर मागे, थांब, पुन्हा हातभर. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं आणि टोपी काढून बघत बसला. वळणाच्या आतल्या बाजूला, माझ्या बाजूला, मी वरची फांदी छपराला लागतेय का ते पाहत होते. खालून करकर आवाज आला. पानांआडून गडग्याचा एक दगड पुढे आला होता. गाडीच्या बरोबर मध्यावर, दारापासून मागच्या चाकापर्यंत, एक लांब ओरखडा. "थांबू नको," काकू म्हणाली, "रंगच गेलाय."

पंचवीस मिनिटांनी आम्ही फाटकात शिरलो. निळी गाडी पुढे गेली. त्या बाईनं काच खाली करून एक बोट उचललं. हसली नाही, रागावलीही नाही, घड्याळ बघत गेली. ते आजोबा जेवले का, गोळी किती उशिरा मिळाली, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. ट्रॅक्टरवाला थांबला, काकूकडे बघून काहीतरी म्हणाला. त्याचं कॉर्निश इंग्रजी मला अर्धंच कळलं. तिच्यासाठी नोकरी आहे, अशा अर्थाचं होतं. काकूनं त्याला लाडू दिला.

मग काय केलं

त्या रात्री कॅम्पसाइटवर दादा बराच वेळ बाहेर बसला होता. मी त्याला पाटीचं सांगितलं. तो म्हणाला, "मला दिसली होती ती पाटी. मलाही जायचं होतं म्हणून तुला विचारलं." वहिनीनं हे आतून ऐकलं आणि ती एवढी मोठ्यानं हसली की शेजारच्या तंबूतून कुणीतरी खाकरलं.

कॉर्नवॉलमध्ये उन्हाळी पर्यटकांना 'एमेट' म्हणतात. तिथल्या बोलीत त्याचा अर्थ मुंगी. काकूला मी हे सांगितलं तेव्हा तिला गणपतीतले चाकरमानी आठवले. ती म्हणाली, "चाकरमानी निदान आपली असतात. त्यांना ओरडता तरी येतं."

उरलेले चार दिवस आम्ही मोटरहोमला घर मानलं, गाडी नाही. ती कॅम्पसाइटवर उभी, आणि आम्ही बसनं किंवा पायी. खरं सांगू, सहलीचा खरा आनंद इथून सुरू झाला. त्याच गडग्यांमधून चालताना फुलं दिसतात, दगडांत लपलेले नेचे दिसतात, फाटकावरून अचानक समुद्र दिसतो. गाडीतून फक्त आरसे दिसत होते.

जिथे गाडी हलवायचीच होती तिथे आधी रात्री बसून रस्ता ठरवला. ए आणि बी अक्षरांचे रस्ते, त्यातही शक्यतो ए. बी रस्ताही फसवू शकतो: सेंट जस्टहून सेंट आइव्हजकडे जाणारा बी ३३०६ नकाशावर राजरोस दिसतो, पण झेनॉरच्या शेतांमधून तो दगडी घरांच्या कोपऱ्यांना घासूनच जातो. म्हणून सेंट आइव्हजला आम्ही मोठी गाडी नेलीच नाही. सेंट अर्थ स्टेशनवरून छोटी रेल्वे सुटते, १८७७ सालची लाइन, समुद्राला लागून जाते. डावी-उजवी न बघता नुसतं खिडकीत बसायचं. पोल्पेरोसारख्या गावात तर बाहेरच्या गाड्या वरच थांबवतात आणि खाली चालत जावं लागतं.

रोझलँडहून बाहेर पडताना फाल नदीवरची किंग हॅरी फेरी घेतली. नदीच्या या तीरापासून त्या तीरापर्यंत साखळ्या टाकलेल्या आहेत, आणि बोट त्या साखळ्या धरून स्वतःला ओढत पलीकडे जाते. १८८८ पासून हे चालू आहे. आमची गाडी आत घेताना फेरीवरच्या माणसानं हातानं खूण केली, ये, ये, थांब. काकू खिडकीतून त्याच्याकडे बारकाईनं बघत होती. "बरा आहे," तिनं निकाल दिला.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे कॉर्नवॉलला जातोय. ठीक आहे. पण २०२१ मध्ये महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणं जाहीर केली, आणि आता आपल्याकडेही अशा गाड्या भाड्यानं मिळतात. कोकणात, मुन्नारला, कूर्गला, कुमाऊँत तुम्ही ती घ्याल तेव्हा काही गोष्टी तिथूनच उचला. मुक्कामाच्या जागेवर फोन करून विचारा, "शेवटचा रस्ता कसा आहे, आणि तुमच्याकडे यापूर्वी एवढी गाडी आली आहे का?" गावातल्या माणसाला दिसतं ते नकाशाला दिसत नाही. छपराची उंची विसरू नका, आपल्याकडे फांद्यांइतक्याच वायरीही खाली लोंबतात. जाताना वाटेतली रुंद जागा, फाटक, मोकळं अंगण मनात मोजत चला, म्हणजे मागे यायची वेळ आली तर किती यायचं ते माहीत असतं. मागे लागलेल्या गाड्यांना जागा मिळेल तिथे पुढे सोडा. ओलांडायची सोय म्हणून ठेवलेल्या जागेत फोटोसाठी गाडी लावू नका, कितीही सुंदर दिसत असलं तरी. आणि गाडी उलटी घेताना एकच माणूस बोलेल, बाकीचे गप्प. आमच्याकडे हा नियम आता फ्रिज चढवतानाही लागू आहे.

रेडिंगला गाडी परत केली तेव्हा ओरखड्याचे तीनशे पौंड डिपॉझिटमधून कापले गेले. दादानं ते न वाद घालता दिले.

एक राहिलं. फेरी घ्यायच्या आदल्या दिवशी, रोझलँडमधल्या शेवटच्या संध्याकाळी, आम्ही पोर्टलोला गेलो होतो, या वेळी चालत. समुद्र पाहून, चढ चढून परत येत होतो. पाटीपाशी पोचलो तर समोर एक मोटरहोम उभी, आमच्यापेक्षाही मोठी. आत सत्तरीचं जोडपं. आजी नकाशात डोकं घालून, आजोबा इंडिकेटर लावून, त्याच उतारावर वळायच्या तयारीत. काकू पुढे झाली. रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. दोन्ही हात पसरून त्यांच्या गाडीची रुंदी दाखवली, मग हात जवळ आणून रस्त्याची, आणि मान हलवली. आजोबांनी आमच्याकडे पाहिलं, वेलींखालच्या पाटीकडे पाहिलं. मग मागे बघून उलटा गिअर टाकला.

काकू तोपर्यंत त्यांच्या मागे जाऊन उभी होती, आरशात दिसेल अशी. "येऊ दे," ती म्हणाली, "येऊ दे..."